प्रश्न वाचकांचे : मासळीच्या टाकाऊ भागातले अँटिऑक्सिडंट

गेल्या महिन्यात या सदरात नागपूरच्या मासळी बाजारातील कचऱ्याविषयी लिहिताना मी ओझरता उल्लेख केला होता की, रोहू-कटल्याची आतडी, खवले आणि झिंग्यांची टरफले यांच्यापासून तेल-चरबी खवट होऊ न देणारे पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, मिळवता येतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. मासे विकणाऱ्या ताईंपासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांनी विचारणा केली आहे. त्यांतील सात पत्रे थोडी आटोपशीर करून येथे उत्तरांसह देत आहे.

प्रश्न : मी आणि माझा मुलगा ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात मासे कापून विकतो. रोज तीन-चार टोपली आतडी, कल्ले, खवले निघतात आणि ते सगळे कचऱ्याच्या गाडीत जाते. तुमचा लेख वाचून मुलगा म्हणतो, यात पैसा आहे. खरेच आहे का? असेल तर आम्ही काय करावे?
— एक मासळी विक्रेत्या, सदर, नागपूर

उत्तर : ताई, मुलाचे म्हणणे खरे आहे, मात्र त्याला एक अट आहे आणि ती बर्फाची आहे.

हे उत्तर लिहिण्याआधी मी तुमच्याच बाजारातून दीड किलोचा एक रोहू घेतला आणि कापणाऱ्या दादांना विनंती केली की काहीही फेकू नका, प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत बांधून द्या. घरी काट्यावर ठेवले तेव्हा डोके २९० ग्रॅम, आतडी आणि पोटातले इतर अवयव १६५ ग्रॅम, पर व शेपटी ६० ग्रॅम, खवले ५५ ग्रॅम आणि कल्ले ४५ ग्रॅम भरले. डोके आपल्याकडे आवडीने रश्शात जाते, म्हणून ते सोडून देऊ. तरीही दीड किलोपैकी ३२५ ग्रॅम, म्हणजे एक-पंचमांशाहून थोडा अधिक भाग, कोणीही न खाता बाहेर जातो. जिथे माशाची नुसती काटे काढलेली तुकडी विकली जाते, तिथे हे प्रमाण निम्म्याच्या आसपास पोहोचते.

त्यातली निम्मी आतडी मी वाटीत घालून ओट्यावर तशीच ठेवली आणि निम्मी बर्फाच्या चुऱ्यात पुरली. बाहेर एप्रिलची दुपार होती. तीन तासांनी ओट्यावरच्या वाटीतला गोळा सैल पडून त्याला पाणी सुटले होते, रक्ताचा लाल रंग तपकिरी झाला होता, कडेने पिवळसर तेलाची रेघ दिसत होती आणि झाकण काढताच नाक बाजूला करावे लागले. बर्फातला गोळा मात्र बाजारातून आणला तेव्हा होता तसाच घट्ट आणि लाल होता.

असे होण्याची कारणे दोन आहेत. माशाच्या आतड्यात अन्न पचवणारी जी विकरे (एन्झाइमे) असतात, ती मासा मेल्यावर त्याच्याच अवयवांना पचवू लागतात. शिवाय रक्तातील आणि कल्ल्यांतील लोह माशाच्या तेलाला हवेतील ऑक्सिजनशी झपाट्याने जोडते, म्हणजेच ते खवट करते. तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. ज्या कचऱ्यातून खवटपणा थांबवणारा पदार्थ काढायचा, तो कचराच सर्वांत आधी खवट होतो, ही या सगळ्या उद्योगातली खरी अडचण आहे. खवट झालेल्या मालातून पुढे कितीही महागड्या यंत्राने काढले, तरी चांगले अँटिऑक्सिडंट हाती लागत नाही.

म्हणून तुम्ही सुरुवात खवल्यांपासून करावी असे मला वाटते. खवल्यांत चरबी जवळपास नसते, त्यामुळे ते खवट होत नाहीत. त्यांत कोलॅजेन नावाचे प्रथिन आणि हाडांत असतात तसे क्षार असतात. मासा धुण्यापूर्वीच खवले वेगळ्या घमेल्यात काढा, रक्त व चिकटा जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि जाळीवर पातळ पसरून कडकडीत वाळवा. विदर्भाचे ऊन, ज्याची आपण एरवी तक्रार करतो, ते इथे फुकटचे यंत्र आहे. जिलेटिन आणि कोलॅजेन तयार करणाऱ्यांना असे स्वच्छ, कोरडे, बिनवासाचे खवले लागतात आणि कोरडा माल साठवून एकदम विकता येतो. आतड्यांचे काम एकट्या दुकानाच्या आवाक्यातले नाही. त्याविषयी खाली मौद्याच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे. ते मुलाला वाचून दाखवा.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आवळा, संत्री, चहा यांत अँटिऑक्सिडंट असतात हे मुलांना सांगतो. पण माशाच्या शरीरात ते कुठून येतात आणि नेमके काय करतात?
— एक शिक्षक, महाल, नागपूर

उत्तर : गुरुजी, तुमच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग फार मोलाचा आहे, कारण माशातील बरीचशी अँटिऑक्सिडंट माशात तयार स्वरूपात नसतातच, ती आपण घडवतो.

आधी खवटपणा कसा येतो ते पाहू. विदर्भातल्या मुलांना जवसाचे उदाहरण लगेच पटेल. जवसाचे तेल घाण्यावरून आणले की चार दिवस छान लागते आणि पुढे लवकरच त्याला उग्र वास येऊ लागतो, तर शेंगदाण्याचे तेल त्या मानाने बरेच टिकते. याचे कारण तेलाच्या रेणूच्या रचनेत आहे. मेदाम्लाच्या साखळीत दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो कार्बन असतो, त्याच्यावरचा हायड्रोजन फार सैल बसलेला असतो. ओलेइक आम्लात अशी जागा नाही, लिनोलेइक आम्लात एक आहे, जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्लात दोन आहेत आणि माशाच्या तेलातील डीएचए नावाच्या मेदाम्लात, ज्याच्यात सहा दुहेरी बंध असतात, अशा पाच जागा आहेत. लोह, तांबे, प्रकाश किंवा उष्णता यांच्यामुळे तो सैल हायड्रोजन एकदा निघाला की मागे मुक्त मूलक, म्हणजे चटकन दुसऱ्यावर झडप घालणारा अपुरा रेणू, उरते. त्याला ऑक्सिजन चिकटतो आणि तयार झालेले नवे मूलक शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेते. मग तो शेजारी पुढच्याचा ओढतो. अशी ही साखळी चालते. तिच्यातून जी पेरॉक्साइडे तयार होतात त्यांना स्वतःचा वास नसतो, परंतु ती फुटून जी अल्डिहाइडे बनतात त्यांचा वास म्हणजेच आपण ज्याला खवट म्हणतो तो वास.

अँटिऑक्सिडंट ही साखळी दोन प्रकारे तोडते. एक तर ते स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकते आणि त्यानंतर स्वतः शांत राहते, दुसऱ्याचे ओरबाडत नाही. किंवा मग ते लोहाला आणि तांब्याला धरून ठेवते, म्हणजे साखळी सुरूच होत नाही.

आता मासा. माशाच्या प्रथिनात टायरोसिन, हिस्टिडिन, मेथिओनिन, सिस्टीन ही अमिनो आम्ले असतात. टायरोसिन हायड्रोजन देऊ शकते, हिस्टिडिन धातूला धरू शकते. परंतु अखंड प्रथिन लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले असते आणि यांतील पुष्कळशी आम्ले त्या गुंड्याच्या आत दडलेली असतात. विकराने ते प्रथिन कापून त्याचे लहान तुकडे केले की ती उघडी पडतात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात आणि सामान्यतः दोन ते वीस अमिनो आम्लांची छोटी पेप्टाइडे या कामात अधिक प्रभावी ठरतात. म्हणून मी म्हटले की आपण ती घडवतो.

काही पदार्थ मात्र तयार मिळतात. गुलेविच या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०० मध्ये मांसाच्या अर्कातून कार्नोसिन वेगळे केले. त्याचेच भावंड असलेले अन्सेरिन कुपा माशासारख्या वेगाने पोहणाऱ्या सागरी माशांच्या स्नायूंत भरपूर असते. झिंग्यांच्या टरफलात अस्टाझँथिन हे रंगद्रव्य असते. तेही झिंगा स्वतः बनवत नाही. ते मुळात शेवाळातून अन्नसाखळीद्वारे त्याच्यापर्यंत येते. जिवंत झिंगा करडा-निळसर दिसतो, कारण हे रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेले असते. कढईत टाकताच ते प्रथिन मोडते आणि लाल-केशरी रंग मोकळा होतो. मुलांना दाखवायचे असेल तर झिंग्यांची धुतलेली टरफले चमचाभर तेलात मंद आचेवर परतून तेल गाळून घ्या. पांढऱ्या बशीत ओतलेले ते केशरी तेल म्हणजे अस्टाझँथिनचा अर्क होय; तेलात विरघळणारा पदार्थ तेलानेच कसा काढतात, याचा तो सगळ्यांत सोपा प्रयोग आहे.

प्रश्न : आमची मच्छीमार सहकारी संस्था आहे. तलावातील मासळी आम्ही नागपूरला पाठवतो आणि काही माल इथेच साफ करून देतो. रोज सुमारे १०० किलो आतडी व इतर कचरा निघतो. त्यापासून अँटिऑक्सिडंटची भुकटी तयार करण्याचा प्रकल्प टाकण्याचा सल्ला आम्हाला एका सल्लागाराने दिला आहे. प्रक्रिया कशी असते आणि आपले मत काय?
— संस्थेचे सचिव, मौदा तालुका, जि. नागपूर

उत्तर : सचिव महोदय, आधी प्रक्रिया सांगतो आणि नंतर माझे मत, जे तुमच्या सल्लागाराच्या मताहून वेगळे आहे.

पहिले काम निवडीचे. आतड्यांतून पित्ताची पिशवी न फोडता वेगळी काढावी लागते. ती फुटली तर कडवटपणा तर येतोच, शिवाय रोहू-कटल्याच्या कुळातील माशांचे पित्त विषारी असते; त्याविषयी खाली एका वेगळ्या पत्रात अधिक लिहिले आहे. कल्ले वेगळे ठेवावेत, कारण त्यांत रक्त, चिखल आणि चरबीचे ऑक्सिडीभवन घडवणारी विकरे असतात. उरलेला माल थंड पाण्याने धुऊन, बारीक दळून, साधारण तितक्याच वजनाच्या पाण्यात मिसळतात आणि ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवतात. त्याने माशाची स्वतःची विकरे थांबतात आणि बरेचसे तेल सुटून वर येते.

मग मिश्रण ५५ अंशांच्या आसपास आणून त्यात बाहेरचे विकर घालतात. अल्कलेज हे जीवाणूपासून मिळणारे विकर वापरल्यास सामू (आम्लता दाखवणारा pH अंक) ८ च्या जवळ ठेवावा लागतो. कच्च्या पपईच्या चिकापासून मिळणारे पपेन वापरल्यास सामू ६ ते ७ च्या दरम्यान पुरतो. एक ते तीन तास ढवळत ठेवल्यावर पुन्हा ८५ ते ९५ अंशांवर १०-१५ मिनिटे तापवून विकर निष्क्रिय करतात. हे थांबवणे फार महत्त्वाचे आहे. कमी कापले तर पेप्टाइडे मोठी राहतात, आणि फार कापले तर सुटी अमिनो आम्ले होतात व पाणी न आवडणारी अमिनो आम्ले उघडी पडून अर्क कडू होतो. त्यानंतर सेंट्रिफ्यूज यंत्रात तेल, विद्राव्य प्रथिनांचे पाणी आणि तळाचा गाळ असे तीन थर वेगळे करून मधले पाणी फवारा-शुष्ककात वाळवले की फिकट भुकटी मिळते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कटल्याच्या आतड्यांवर अशाच पद्धतीचे संशोधन झाले आहे, तेव्हा आपल्या गोड्या पाण्यातील माशांपासून हे होते याबद्दल शंका नाही.

आता हिशेब. आतड्यांत प्रथिन साधारण ९ टक्के धरू. १०० किलोंतून ९ किलो प्रथिन, आणि त्यातले दोन-तृतीयांश पाण्यात आले तर ६ किलो भुकटी. त्यासाठी घातलेले पाणी आणि मालातले पाणी मिळून सुमारे १५० लिटर पाणी उडवावे लागेल. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६३ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे एकही उष्णता वाया न गेल्यास ९० युनिटांच्या वर, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. सल्लागाराने दिलेल्या अहवालात हा आकडा आहे का, ते पाहा. शिवाय ही भुकटी माणसाच्या अन्नात वापरायची असेल तर कचरा हा शब्दच सोडून द्यावा लागेल: कापण्याच्या जागेपासून पुढे सगळीकडे अन्न कारखान्याची स्वच्छता, प्रत्येक घाण्याची जीवाणू व जड धातू तपासणी आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची मान्यता लागेल. प्रमाणित यादीत नसलेल्या नव्या घटकासाठी २०१७ च्या नियमांनुसार वेगळी मंजुरी घ्यावी लागते.

रोज १०० किलोंवर हे परवडेल असे मला वाटत नाही, आणि तुमच्या सभासदांच्या घामाचा पैसा अडकू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्याऐवजी सायलेज, म्हणजे आम्लाने टिकवलेला मासळीचा पातळ लगदा, करा. दळलेल्या मालात वजनाच्या अडीच ते साडेतीन टक्के फॉर्मिक आम्ल नीट ढवळून सामू ४ च्या खाली आणला की सडवणारे जीवाणू वाढत नाहीत, पण माशाची स्वतःची विकरे काम करत राहतात आणि आपल्याकडच्या हवेत काही दिवसांतच सगळे पातळ होते. म्हणजे जे काम अल्कलेज पैसे घेऊन करते, त्यातले बरेचसे माशाची विकरे फुकट करतात. वाळवणे नाही, वाफ नाही. प्लास्टिकचे झाकणाचे पिंप लागतात. लोखंडी पिंप चालणार नाही, कारण आम्ल ते खाते आणि सुटलेले लोह तेल खवट करते. फॉर्मिक आम्ल कातडी भाजते, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्म्याशिवाय कोणालाही पिंपाजवळ जाऊ देऊ नका. वर तरंगणारे तेल काढून टाका, नाहीतर ते पिंपातच खवट होईल आणि पुढे कोंबड्यांच्या खाद्यात गेल्यास अंड्याला माशाचा वास येईल. तयार सायलेज कोंडा किंवा पेंडीत मुरवून वाळवले की खाद्याचा चांगला घटक होतो, आणि त्यातील पेप्टाइडे त्या खाद्यातील चरबीलाही काही प्रमाणात सांभाळतात. हे खाद्य पुन्हा त्याच जातीच्या माशांना मात्र घालू नये.

खाद्यातला हा उपयोग कमी प्रतीचा आहे असे समजू नका. फिश मील (खाद्यासाठीची वाळवलेल्या माशांची भुकटी) साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून जहाजाने पाठवायच्या फिश मीलमध्ये अँटिऑक्सिडंट घालणे आंतरराष्ट्रीय नियमांनी आवश्यक केले आहे. त्यासाठी अनेक वर्षे एथॉक्सिक्विन हे कृत्रिम रसायन वापरले गेले आणि युरोपीय संघाने २०१७ मध्ये पशुखाद्यातील त्याची परवानगी स्थगित केली. नैसर्गिक पर्यायांचा शोध जोरात आहे तो मुख्यतः याच क्षेत्रात.

कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने सायलेजवर पुष्कळ काम केले आहे आणि आपल्या नागपुरातच तेलंगखेडीला माफसूचे (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे) मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. सल्लागाराला पुढचा हप्ता देण्यापूर्वी एकदा तिथे जाऊन या.

प्रश्न : मी एम.एस्सी.चा विद्यार्थी आहे. रोहूच्या कातडीपासून केलेल्या माझ्या हायड्रोलायसेटने (प्रथिन कापून मिळवलेल्या पेप्टाइडांच्या अर्काने) डीपीपीएच चाचणीत उत्तम परिणाम दिला, पण तोच माशाच्या खिम्यात घातला तेव्हा खवटपणा फारसा कमी झाला नाही. माझे कुठे चुकले?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : बहुधा तुमचे हात चुकलेले नाहीत, त्या चाचणीकडून तुम्ही तिच्या कुवतीपेक्षा जास्त अपेक्षा केलीत. डीपीपीएच हे जांभळ्या रंगाचे, स्वतःच स्थिर असलेले मूलक आहे. हायड्रोजन मिळाला की त्याचा रंग पिवळट होतो आणि ५१७ नॅनोमीटरवर आपण तो फरक मोजतो. पण त्या नळीत मद्यार्क असतो, चरबी नसते, लोह नसते, तेल आणि पाणी यांची सीमा नसते. खिम्यात खवटपणा सुरू होतो तो पेशींच्या पातळ आवरणांवर, जिथे मेद पाण्याला भिडतो, आणि त्याला चालना देते ते हिमोग्लोबिनमधले लोह. तुमची पेप्टाइडे पाण्यात विरघळतात. ती त्या सीमेवर पोहोचलीच नाहीत तर नळीतले गुण तिथे काय कामाचे?

मला दोन गोष्टी तपासाव्याशा वाटतात. पहिली, तुमचा हायड्रोलायसेट मद्यार्कात गढूळ होत होता का? तसे असल्यास गढूळपणामुळे प्रकाशशोषणाचे आकडे बिघडतात आणि प्रत्येक नमुन्याचा रंगविरहित कोरा नमुना लावल्याशिवाय ते ग्राह्य धरू नयेत. दुसरी, कातडी कापताना तिच्याखालची गडद रक्ताळ पट्टी राहिली होती का? राहिली असेल तर अँटिऑक्सिडंटबरोबर तुम्ही लोह आणि थोडे आधीच खवट झालेले तेलही खिम्यात घातलेत.

पुढच्या फेरीत लोह बांधून ठेवण्याची चाचणी जोडा, आणि खिमा बर्फात ठेवून पेरॉक्साइड मूल्य (आधी बनणारी पेरॉक्साइडे) व टीबीए मूल्य (ती फुटून बनणारी अल्डिहाइडे) दर दोन दिवसांनी किमान दहा-बारा दिवस मोजा. ही दोन्ही मोजणे गरजेचे आहे, कारण पेरॉक्साइड वाढून पुन्हा उतरते, आणि ज्याने फक्त उतारावर मोजले त्याला माल सुधारल्याचा भास होतो. अर्धवट जमलेला हा परिणाम प्रबंधातून वगळू नका. नळीत चालले आणि खिम्यात चालले नाही, हे प्रामाणिकपणे लिहिलेले पान पुढच्या विद्यार्थ्याचे सहा महिने वाचवते.

प्रश्न : आमचा फरसाणाचा व्यवसाय आहे. तेलात टीबीएचक्यू (खवटपणा रोखणारे कृत्रिम रसायन) घालण्याऐवजी माशापासूनचे नैसर्गिक अँटिऑक्सिडंट वापरता येईल का?
— एक उत्पादक, इतवारी, नागपूर

उत्तर : नाही, आणि त्याचे पहिले कारण रसायनाचे नसून गिऱ्हाईकाच्या विश्वासाचे आहे. माशाचा कोणताही अंश असलेल्या पदार्थावर शाकाहाराची हिरवी खूण छापता येत नाही, आणि मासा व कवचधारी जलचर यांची नोंद अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून वेष्टनावर करावी लागते. तुमच्या शेवेचे आणि चिवड्याचे गिऱ्हाईक हे खपवून घेणार नाही, आणि त्याने खपवून घेऊही नये. रसायनाच्या बाजूने पाहिले तरी पेप्टाइडे तेलात विरघळत नाहीत आणि तळणीच्या उष्णतेला ती करपून तपकिरी होतील.

आपल्याकडे खाद्यतेलात टीबीएचक्यूची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. ते टाळायचेच असेल तर टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाच्या गटातील पदार्थ) किंवा रोझमेरीचा अर्क यांची चौकशी करा. तिळाच्या तेलाचेही बघा. त्यात सेसमॉलसारखे स्वतःचेच रक्षक पदार्थ असतात, म्हणून ते इतर तेलांपेक्षा जास्त टिकते. मात्र तळणीचे तेल रोज गाळणे, कढईतला जळका चुरा काढणे आणि माल प्रकाश न शिरणाऱ्या पाकिटात भरणे, हे न करता कोणतेही अँटिऑक्सिडंट घातले तरी उपयोग नाही.

प्रश्न : माशाचे पित्त कच्चे गिळल्याने नजर सुधारते आणि मधुमेह उतरतो, असे आमच्याकडे जुनी माणसे सांगतात. त्यात अँटिऑक्सिडंट असल्यामुळे असे होत असेल का?
— एक गृहिणी, रामटेक

उत्तर : ताई, कृपा करून हे कोणालाही करू देऊ नका. रोहू, कटला आणि त्यांच्या कुळातील माशांच्या पित्तात सायप्रिनॉल नावाचे द्रव्य असते. त्याने काही तासांत उलट्या, जुलाब आणि पोटदुखी सुरू होते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. आपल्या देशात अशा रुग्णांना डायलिसिसवर ठेवावे लागल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हे विष शिजवल्यानेही जात नाही. नजर किंवा साखर सुधारल्याचा काहीही पुरावा नाही. कोणी पित्त गिळलेच असेल, तर त्रास नसला तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि कोणत्या माशाचे, किती पित्त होते हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पहिल्या दिवशी लघवी नीट होते म्हणून थांबू नका.

मासे साफ करताना पित्ताची हिरवट पिशवी अलगद काढून वेगळ्या कागदात गुंडाळून टाकावी. मांजर-कुत्र्यांपुढेही टाकू नये.

प्रश्न : काटोलला आमची संत्र्याची बाग आहे. रस काढल्यावर साली उरतात. सालीतही अँटिऑक्सिडंट असतात म्हणतात. साली आणि मासळीचा कचरा एकत्र करून काही करता येईल का?
— एक बागायतदार, काटोल

उत्तर : एकत्र वापरता येईल, पण एकाच पिंपात नाही. संत्र्याच्या सालीत हेस्पेरिडिनसारखी फ्लॅव्होनॉइडे असतात आणि सालीचा अर्क माशाच्या तेलाचा खवटपणा लांबवतो, हे खरे आहे. माशाची पेप्टाइडे लोहाला धरतात आणि सालीतील पदार्थ मूलकांना हायड्रोजन देतात, तेव्हा दोघांचे काम एकमेकांना पूरक आहे. परंतु सालीत लिमोनीन (limonene) हे सुगंधी तेलही असते आणि ते जीवाणूंना मारक ठरते. कोणी गूळ किंवा मळी घालून, दह्यातल्यासारख्या जीवाणूंच्या मदतीने आंबवलेले सायलेज करत असेल आणि त्यात ताज्या साली टाकल्या, तर ते जीवाणूच मंदावतील, सामू वेळेत उतरणार नाही आणि पिंप सडेल. म्हणून साली आधी सावलीत वाळवा, भुकटी करा, आणि सायलेज पूर्ण तयार होऊन कोंड्यात मुरवताना ती थोडी थोडी मिसळून पाहा. पहिल्या खेपेला पाच-पाच किलोंचे दोन ढीग करा, एकात साल घाला, एकात घालू नका, आणि महिनाभर दर आठवड्याला दोन्हींचा वास घेऊन वहीत लिहून ठेवा. ती वही मला पाठवलीत तर पुढच्या एखाद्या अंकात तिच्याविषयी लिहीन.